पंप जुना चालेल, टाकी नाही

बसवनगुडीहून बोलतोय.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब, इतिहासाच्या मालिकेत हे गॅरेजचं खटारं कुठून आणलंत? प्रश्न आहे साधा. वर्कशॉपमधला एअर कॉम्प्रेसर बंद पडला, तर तो दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? माझी सगळी नोकरी लष्कराच्या ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये गेली. त्यामुळे हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला. पण त्याचं जे उत्तर आपण आज सवयीने देतो, ते कुठून आलं, हे पाहायला गेलो तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं. तेव्हा थोडा धीर धरा, गॅरेजमध्ये आपण येणारच आहोत.

साल १८६१. दोन डोंगर डोळ्यांसमोर आणा. एक आपला भोर घाट. मुंबईहून पुण्याला रेल्वे चढवायचं काम १८५६ मध्ये सुरू झालं होतं. पंचवीस बोगदे काढायचे होते. बेसॉल्टचा काळा, कडक दगड. पहार, छिन्नी आणि घण यांनी भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, उडवायची. ऐन भरात चाळीस हजारांवर माणसं त्या घाटात राबत होती. पटकीच्या साथीने त्यांच्यातली किती गेली, त्याचे धड हिशेबही नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल स्वतः १८५९ मध्ये आल्या आल्या वारला आणि पुढचं काम त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने तडीला नेलं. १८६३ मध्ये गाडी घाट चढली.

दुसरा डोंगर युरोपातला आल्प्स. फ्रान्स आणि इटली जोडणारा सुमारे १३ किलोमीटरचा फ्रेजस बोगदा. तो १८५७ मध्ये, म्हणजे आपल्या घाटाच्या जवळपास बरोबरीनेच सुरू झाला. सुरुवात हातानेच. काम पंचवीस वर्षं चालेल असा अंदाज होता. पण १८६१ मध्ये जर्मेन सोमेये नावाच्या इंजिनिअरने डोंगराच्या ओढ्यांच्या पाण्यावर चालणारे कॉम्प्रेसर बसवले, दाबलेली हवा नळांतून आत नेली आणि त्या हवेवर दगड फोडणारी ड्रिल चालवली. वापरून सुटलेली हवा आतल्या माणसांना श्वासाला मिळाली, हा वरचा फायदा. १८७१ मध्ये बोगदा सुरू झाला. चौदा वर्षांत.

मग हे यंत्र भोर घाटात का नाही आलं? तंत्र तेव्हा अगदी नवं होतं, हे खरंच. पण दुसरंही कारण होतं, आणि मी ते आडपडदा न ठेवता सांगतो. इथे माणूस स्वस्त होता. एक गेला तर दुसरा मिळत होता. माणूस बदलायचा, यंत्र आणायचं नाही, असा तो व्यवहार होता.

दाबलेली हवा आपल्या भागात मोठ्या प्रमाणावर राबली ती कोलारच्या सोन्याच्या खाणीत. बंगळूरहून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. जॉन टेलर आणि सन्स या इंग्रज कंपनीने १८८० पासून तिथे खणायला सुरुवात केली. पुढे त्या खाणी तीन किलोमीटरपेक्षा खोल गेल्या. इतक्या खोल जागी वाफेचं इंजिन नेता येत नाही. धूर कुठे जाणार? हवा मात्र नळातून कुठेही जाते. कॉम्प्रेसर वर, ड्रिल खाली. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्राच्या धबधब्यावर वीज तयार होऊ लागली आणि ती सुमारे १४८ किलोमीटर तारांवरून थेट कोलारला गेली. म्हैसूर संस्थानची पहिली वीज दिव्यांसाठी नव्हती, खाणीसाठी होती. बंगळूर शहरात दिवे लागले ते १९०५ मध्ये. आमचं बसवनगुडी तेव्हा नुकतंच, प्लेगच्या साथीनंतर, मोकळ्या हवेची वस्ती म्हणून आखलं गेलं होतं.

हवेच्या ड्रिलने काम झपाट्याने होऊ लागलं, तशी धूळही झपाट्याने उडू लागली. छिन्नीने उडते ती भरड. ड्रिलने उडते ती पिठासारखी, फुप्फुसात जाऊन बसणारी. सिलिकोसिस हा आजार भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तो १९३४ मध्ये, कोलारमध्येच.

आता थोडं मराठी माणसांकडे वळू. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन डनलॉपने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात मानतो तेही १८८८ साल, आणि ती सुरुवात म्हणजे बेळगावातलं सायकलचं दुकान! योगायोगच, पण मला तो आवडतो. पुढे १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ते आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. मुलांनी तेच काम पसरवलं. १९४६ मध्ये इथे बंगळूरमध्ये रवी किर्लोस्करांनी किर्लोस्कर इलेक्ट्रिक उभी केली. विजेच्या मोटरी. त्याच साली बसवनगुडीत बुल टेम्पल रोडवर बी. एम. एस. इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. म्हणजे मोटर इथे बनू लागली आणि ती उघडून पाहणारी पोरंही इथेच तयार होऊ लागली.

त्याच्या सहा वर्षं आधीची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगतो. विसाव्या शतकात त्याच भोर घाटात रेल्वेचे नवे बोगदे काढण्याच्या कामात ज्यांचा हात होता, ते सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साथीने बंगळूरमध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. आजची एचएएल ती हीच. विमानाचा कारखाना म्हटला की हवा आलीच. पत्र्याला पत्रा जोडणारी रिव्हेट गन हवेवरच चालते. १९४१ मध्ये पहिलं विमान जोडून उडवलंही. पण युद्ध दाराशी आलं. सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि १९४३ मध्ये तो अमेरिकन हवाई दलाकडे गेला. तिथे नवी विमानं बनवणं मागे पडलं. आशियातल्या आघाडीवरून मार खाऊन आलेली विमानं दुरुस्त करणं हेच मुख्य काम झालं. हजारो स्थानिक कामगार तिथे काय शिकले असतील, तर मोजमाप घेऊन, ठरल्या पद्धतीने, कागदावर नोंद ठेवून दुरुस्ती कशी करायची ते. गंमत बघा, आमची ईएमई कोअरही १९४३ चीच. लढाईत यंत्रं मोडतात तेवढ्या वेगाने नवी येत नाहीत, हे सैन्याला त्याच काळात नीट कळलं.

स्वातंत्र्यानंतर दुरुस्तीला आणखी एक कारण मिळालं: परकीय चलन. १९५७ मध्ये देशाची गंगाजळी आटली आणि आयातीवर जबरदस्त चाप बसला. वर्कशॉपमधला इंग्लिश किंवा अमेरिकन कॉम्प्रेसर बिघडला तर नवा मागवणं सोडाच, साधा व्हॉल्व्ह मागवायलाही लायसन्स लागे. ही गरज ओळखून १९५८ मध्ये पुण्याला हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक सुरू झाली. १९६० मध्ये कोइमतूरला एल्गी आणि पुण्यात दापोडीला स्वीडिश ॲटलास कॉप्को. देशी कॉम्प्रेसर बाजारात आला. पण तो मागणीला पुरे पडेपर्यंत बरीच वर्षं गेली आणि तेवढ्यात एक पिढी वेगळीच कला शिकून बसली.

ती कला पाहायची असेल तर इथे जे. सी. रोडला चला, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा, बेळगावात उद्यमबागेत किंवा कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात जा. जुन्या पिस्टन कॉम्प्रेसरचा पंप म्हणजे बिडाचा सिलिंडर, पिस्टन, रिंगा, क्रँक, वर व्हॉल्व्ह प्लेट. मोटरसायकलच्या इंजिनाचा सख्खा भाऊ. सिलिंडर झिजला तर बोअर करून मोठा करायचा, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. तेही संपलं तर आत स्लीव्ह ठोकायचा. बेअरिंग बाजारात मिळतं, रिंगा मिळतात, गास्केट कापून घेता येतं. चांगला लेथवाला असेल तर असा पंप पन्नास वर्षं जगतो. अतिशयोक्ती नाही, मी स्वतः असे पंप पाहिले आहेत, ज्यांचं मूळचं म्हणावं असं फक्त बाहेरचं बीड उरलं होतं.

शिवाय बिघाड ओळखता येतो, हे महत्त्वाचं. यंत्र फिरतंय पण दाब चढत नाही, म्हणजे व्हॉल्व्ह प्लेट तुटली किंवा काजळीने अडकली. हवेबरोबर तेल येतंय, म्हणजे रिंगा गेल्या. मोटर बंद झाल्यावरही प्रेशर स्विचपाशी हवा सुसू करत राहते, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय आणि टाकीतली हवा उलटी येतेय. हा शेवटचा आजार लबाड आहे. पुढच्या वेळी मोटरला भरल्या दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं, ती हुंकारते, तापते आणि एक दिवस जळते. लोक मोटर गुंडाळून आणतात, बसवतात, आणि महिन्याभरात परत जळते. दोष मुठीएवढ्या व्हॉल्व्हचा असतो.

सैन्यात या सगळ्यावर एक शिक्का असतो: बी.ई.आर. म्हणजे दुरुस्तीचा खर्च परवडण्यापलीकडे गेलेलं यंत्र. हा शिक्का मेकॅनिक मारत नाही. तपासणी होते, हिशेब मांडला जातो, अधिकारी सही करतो. मला या पद्धतीत एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. यंत्रावर जीव जडलेला माणूस आणि यंत्राचा निकाल देणारा माणूस वेगळे असतात.

लडाखमध्ये कॉम्प्रेसरने आम्हाला वेगळाच धडा दिला. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोनतृतीयांश. एका झटक्यात पंप जेवढी हवा ओढतो तीच मुळात विरळ. मैदानातून नवीन आलेला पोरगा सांगायचा, साहेब, कॉम्प्रेसर गेला, टाकी भरायला दीडपट वेळ घेतो. कॉम्प्रेसर ठणठणीत असायचा. हवाच कमी होती. पंप खोलायच्या आधी आपण कुठे उभे आहोत ते बघा, असं मी त्यांना सांगत असे. बंगळूरही समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर आहे, इथेही दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. मुंबईचा कॉम्प्रेसर इथे आणला की तो थोडा आळशी वाटणारच.

आता टाकीकडे येतो. आतापर्यंत मी पंपाबद्दल बोललो. पण ज्याला आपण कॉम्प्रेसर म्हणतो ती दोन वेगळी यंत्रं आहेत, एकावर एक बसवलेली. वरचा पंप म्हाताऱ्या माणसासारखा: कुरकुरतो, खोकतो, काय दुखतंय ते सांगतो. खालची टाकी काहीच सांगत नाही.

हवेत पाणी असतं. हवा दाबून थंड झाली की ते टाकीच्या तळाशी साचतं. इथल्या पावसाळ्यात मिनिटाला तीनशे लिटर हवा ओढणारा साधा पंप दिवसातून चार तास फिरला, तर लिटरभर पाणी जमतं. हिशेब करून पाहा. रोज संध्याकाळी तळाचा कॉक उघडून ते काढायचं असतं. लडाखमध्ये आम्हाला ते काढावंच लागे, नाहीतर सकाळी कॉक बर्फाने बंद. इथे बर्फ नाही, म्हणून कोणी काढत नाही. पाणी आत राहतं, तळ गंजत जातो, बाहेरचा रंग मात्र चकचकीत.

आणि आत काय कोंडलेलं असतं? २२० लिटरची टाकी, ८ बार दाब. ढोबळ हिशेबाने ती फुटली तर सुमारे २३० किलोज्यूल ऊर्जा एका क्षणात बाहेर पडते. एक टन वजनाची मोटार सातव्या मजल्यावर चढवायला लागेल तेवढी. सैनिकी भाषेत सांगायचं तर पन्नास ग्रॅम टीएनटी. आमच्या जुन्या ३६ नंबरच्या हातगोळ्यात भरत त्या स्फोटकाच्या जवळपास. म्हणूनच टाकीची चाचणी हवेने करत नाहीत. पाणी भरून, साधारण दीडपट दाब देऊन करतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी नुसतं भिजणं होतं.

हे आपल्या कायद्यालाही ठाऊक होतं. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टचं ३१ वं कलम दाबाच्या यंत्रांसाठीच होतं, आणि राज्यांच्या नियमांत टाकीची बाहेरून, आतून आणि पाण्याच्या दाबाने ठरावीक काळाने तपासणी करायला सांगितलं होतं. पण तो कायदा लागू व्हायला विजेवर चालणाऱ्या कारखान्यात किमान दहा कामगार लागत. गल्लीतल्या गॅरेजमध्ये मालक, दोन मेकॅनिक आणि एक पोरगा. चार माणसं. इन्स्पेक्टर तिथे येणार कशाला?

म्हणजे झालं असं. युद्धाने आणि चलनटंचाईने आपल्याला दुरुस्तीची सवय लावली. ती पंपाच्या बाबतीत सोळा आणे योग्य होती. मग तीच सवय पंपावरून खाली टाकीवर उतरली. तळाला सुईएवढं भोक पडलं, हवा सुटू लागली, तर बोलाव वेल्डिंगवाल्याला. ठिगळ मार. तेही नको, एम-सील लाव. पंपाला स्लीव्ह बसवणारा जो आत्मविश्वास, तोच इथे. पण सिलिंडर झिजला तर हवा कमी येते. तळ झिजला तर टाकी फुटते. शिवाय एक भोक पडलं याचा अर्थ आजूबाजूचा सगळा पत्रा पातळ झालाय. अशा कागदावर वेल्डिंगची आग लावली की शेजारचा भाग आणखी कमजोर.

दोन वर्षांपूर्वी बसवनगुडीतच, गांधी बाजारापासून जवळच्या एका गॅरेजमध्ये मी स्कूटरला हवा भरायला उभा होतो. कन्नडमध्ये हवेला 'गाळी' म्हणतात. इथे नवा होतो तेव्हा पंक्चरवाल्याने 'गाळी?' म्हणून विचारलं की क्षणभर वाटायचं, आपण काय वाकडं बोललो बुवा! असो. तिथला कॉम्प्रेसर बंद पडला होता. मालक माझ्याच वयाचा. नवीन घ्यावा तर पैसे जातात, दुरुस्त करावा तर काम अडतं, म्हणून डोक्याला हात लावून बसलेला. मला म्हणाला, सर, तुम्ही मिलिटरीवाले, तुम्हीच सांगा. वडिलांच्या वेळचा पंप होता, देशी बनावटीचा, जड बिडाचा.

मी पंपाकडे पाहिलंच नाही. आधी वाकून टाकीचा तळ पाहिला. रंगाखाली दोन ठिगळं होती. ड्रेन कॉक गंजून जाम, म्हणजे तो कित्येक वर्षं उघडलेला नव्हता. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढली तर हलेना. आणि टाकीला पाठ लावून शाळा सुटलेला एक मुलगा स्टुलावर बसून स्पॅनर पुसत होता.

मालकाला मी एवढंच म्हटलं, पंपाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, टाकीचं मी ठरवतो. तो हसला, पण ऐकलं त्याने. पंप उघडला तर व्हॉल्व्ह प्लेट मोडलेली आणि रिंगा गेलेल्या. बोअर ठीक होता. अर्ध्या दिवसाचं काम. चाचणीचा दाखला आणि बनावटीची पाटी असलेली नवी टाकी घेतली, नवा सेफ्टी व्हॉल्व्ह, नवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. जुना पंप नव्या टाकीवर बसला.

त्याच्या मुलाचं मत वेगळं होतं, तेही ऐकण्यासारखं. त्याला सगळंच नवं हवं होतं. डायरेक्ट ड्राइव्हचा छोटा, हलका. १९९१ नंतर असे कॉम्प्रेसर स्वस्तात मिळू लागले. घरच्या कामाला छान आहेत. पण दिवसभर फिरवले तर लवकर दमतात आणि त्यांचा सिलिंडर झिजला तर बहुतेकांत दुरुस्ती म्हणजे दुसरा विकत घेणंच. मुलाचा दुसरा मुद्दा मात्र बिनतोड होता: वीज. दाबलेली हवा ही सगळ्यात महाग वीज आहे. मोटरने खाल्लेल्या विजेतला फार तर दहा-पंधरा टक्के भाग हत्याराच्या टोकाला काम म्हणून पोचतो, बाकी उष्णता. जुना पंप कण्हत कण्हत फिरत राहिला तर बिलात दिसतं.

त्याची परीक्षा आम्ही घड्याळ लावून केली. टाकी रिकामी करायची, बाहेर जाणारा कॉक बंद करायचा, शून्यापासून ७ बार व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. २२० लिटर गुणिले ७, म्हणजे १५४० लिटर मोकळी हवा. इथल्या उंचीसाठी दहा टक्के वाढवा, साधारण १७००. पंपाची पाटी मिनिटाला ३०० लिटर म्हणते, म्हणजे पावणेसहा मिनिटं. आमचा पंप साडेसहा मिनिटांत भरला. साठीतल्या पंपाला मी पास केलं. नऊ मिनिटं लागली असती तर मुलाची बाजू घेतली असती. मग मोटर बंद करून अर्धा तास काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला तर गळती पाइपात शोधायची, साबणाचं पाणी घेऊन.

जुनी टाकी भंगारवाल्याला द्यायची होती. त्याने तळाला हात लावून बघितलं आणि म्हणाला, थोडं वेल्डिंग केलं की चालेल, कुणीतरी घेईल. सैन्यात बी.ई.आर. झालेली वस्तू बाहेर सोडताना ती परत वापरात येणार नाही अशी करूनच सोडतात. मी मालकाकडून ड्रिल मागून घेतलं आणि टाकीला दोन्ही बाजूंनी अंगठ्याएवढी सहा भोकं पाडली. तिसऱ्या भोकातून लालसर, गंजाचं पाणी आलं, बादलीभर. भंगारवाल्याने वजनावर भाव केला.